काळ्या फिती

कॅनडाहून युरोप फिरायला निघालेली रोझलिंड मुद्दाम वाट वाकडी करून इंग्लंडमध्ये, डॉर्सेटमधल्या काकांच्या खेड्यात आली, ती आजीला भेटायला.

चहा ओतता ओतता क्लेमंटकाका म्हणाले, "आजी गेली गं तुझी, फेब्रुवारीत. झोपेतच."

आता जून चालू होता.

"आणि मला कुणी एका शब्दानं कळवलं नाही?"

"एवढ्या लांब तू. उगाच जिवाला घोर कशाला? केक घे ना."

रोझलिंडनं खिडकीबाहेर पाहिलं. बागेतल्या मधमाश्यांच्या पेट्यांना काळ्या फिती बांधलेल्या होत्या, उन्हापावसानं विटलेल्या.

"त्या कशाला?"

"आजीसाठीच. घरात कुणी गेलं की पेटीवर टकटक करून माश्यांना सांगावं लागतं. मी तर डॉक्टर यायच्या आत सांगून आलो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"फार वाईट राग त्यांचा. घर सोडून जातात, पुन्हा फिरकत नाहीत."

रोझलिंडनं भरला कप तसाच ठेवला आणि बॅग उचलली.

"अगं, निघालीस कुठं?"

"ते जाता जाता माश्यांना सांगते. या घरात त्यांनाच सांगतात ना सगळं."