टेलियम

घाणेरीची झुडपं मारण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेला तांबेरा जंगलात सोडून वर्ष झालं होतं. ही बुरशी एका हंगामात मरेल, पुढच्या हंगामाचे बीजाणू धरणारी काळी पुळी, टेलियम, तिला येणारच नाही, अशी ग्वाही संचालक बर्व्यांनी दिली होती.

संशोधक मृदुला गेडामने त्यांच्यापुढे सागाचं पान ठेवलं. पानभर काळ्या पुळ्या होत्या.

“उद्या शेजारच्या जिल्ह्यात याच बुरशीची फवारणी आहे. हे आत्ता बाहेर काढू नका,” बर्वे म्हणाले.

“माझ्या गावचा साग उभा वाळतोय, सर.”

“एका पानाने काही सिद्ध होत नाही.”

मृदुलाच्या मस्तकात तिडीक गेली.

“म्हणूनच मी एकटी आले नाही,” म्हणत तिने खिडकी उघडली. खाली अख्खं गाव काळवंडलेल्या पानांच्या बंद पिशव्या घेऊन उभं होतं आणि पत्रकार फोटो काढत होते.