सहाच्या ठोक्याला

गेममधला दुकानदार चोवीस तास दुकानातच उभा असतो, घरी जातच नाही, म्हणून साहेब भडकले. "अरे, माणूस असा वागतो का कुठे?"

सलग सातवा रविवार ऑफिसात काढणाऱ्या प्रोग्रामरने दुकानदाराला सहाच्या ठोक्याला दुकान बंद करून घरी धाडलं.

साहेब खूश झाले. "आता कसा हाडामांसाचा वाटतो! आता त्याचं घरही दाखव. सहाला बाप आला की घरात काय होतं, ते अगदी खरं वाटलं पाहिजे."

शेवटी वैतागून प्रोग्रामरने बायकोला फोन लावला. "अगं, मी सहाला घरी आलो, तर काय होईल?"

"काय होणार? मला वाटेल, गेली नोकरी!"