अँटेनावरचा हात

संध्याकाळी साडेसहाला तळ्याकाठी उभ्या मोटारहोममध्ये, त्या राहत्या गाडीत, टीव्हीचं चित्र गेलं. तळ्यात बुडालेल्या छोटूचा शोध उद्याही चालणार की थांबणार, हे सातच्या बातम्यांत कळणार होतं. वडील टपावर चढून अँटेना फिरवू लागले. आई आत पडद्यासमोर बसली.

"आलं का?"

"नुसत्या मुंग्या! डावीकडे फिरवा. अहो, डावीकडे! अजून डावं-उजवं कळेना तुम्हाला."

चित्र स्थिरावलं. हात काढला की जायचं, म्हणून त्यांनी अँटेना धरूनच ठेवली.

"बातम्या लागल्या का गं?"

आई पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आपलीच गाडी दिसतेय. टपावर तुम्ही आहात. आणि तळ्याकडून आपला छोटू येतोय."

वडिलांनी वळून पाहिलं. पाण्यापासून गाडीपर्यंत कोणी नव्हतं. पलीकडच्या काठावर शोधाच्या होड्या ट्रकवर चढवत होते.

"अगं, ते निघाले. शोध थांबवला त्यांनी."

"हात काढू नका. दाराशी आलाय तो."

त्यांनी हात काढला नाही.

खाली दाराची कडी वाजली. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आधी पाय पूस."

गाडी पायरीच्या बाजूला किंचित कलली, कोणी आत चढताना कलते तशी.