पाठमोरी

बाजूचं लाकडी फाटक बोदिलने आवाज न करता ढकललं आणि ती गवतावरून आत आली. सफरचंदाच्या झाडाखाली काळी बाबागाडी उभी होती. तिच्यावर एक तरुण बाई वाकली होती.

“मालेने?”

बाई दचकून सरळ झाली. मग तिने ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलीय होय? झोपू दे,” बोदिल कुजबुजली. “तू माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. फोनवर ठरलं तसंच.”

बोदिल सगळ्या आयांना सांगायची तेच तिने फोनवर सांगितलं होतं. दार उघडायला येऊ नकोस, कॉफी टाकू नकोस, रोज जे करतेस ते करत राहा. मी बागेतून येईन आणि कामाला लागेन. घंटी वाजली की आई केस नीट करते, बाळाला नवा फ्रॉक चढतो, आणि मग जो फोटो निघतो तो पासपोर्टलाच बरा. खाडीकाठच्या त्या गावात बोदिलने मुलांचे फोटो काढता काढता केस पांढरे केले होते, आणि बाळापुढे खुळखुळा वाजवणाऱ्या फोटोवाल्यांचा तिला मनापासून राग होता.

फोनवर मालेने रडवेली झाली होती. सोमवारपासून लेक रुना पाळणाघरात जाणार, हिची नोकरी सुरू होणार, आणि घरात दोघींचा एकत्र असा एक धड फोटो नाही. “कॅमेरा दिसला की मी ताठ होते हो. मला एकच हवाय. त्यात आम्ही दोघी नुसत्या असू, बाकी काही नको.”

आणि ताठ ती होतीच. अंगात कोट, खांद्याला पर्स, आपल्याच बागेत पाहुणी आल्यासारखी.

“ती पर्स ठेव गं खाली. बँकेत निघालीयस का?”

बाईने पर्स पाठीमागे सरकवली, खाली ठेवली नाही. बोदिलने नाद सोडला. अशा बायकांना फार टोकलं की त्या आणखी मिटतात.

खाडीवरून धुकं चढत होतं. शेजारचं घर पुसट झालं होतं. या गावात बाळं सकाळची झोप बागेतच काढतात. बंद खोलीत झोपलेलं पोर किरकिरं होतं, असं इथल्या आज्या छातीठोकपणे सांगतात. आज मात्र रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बाईने गाडीवरची जाळी उचलली. बोटाच्या मागच्या बाजूने बाळाच्या गालाला हात लावला, अगदी हळू, पहिल्यांदाच लावल्यासारखा. बोदिल खूश झाली. रोजच्या गोष्टीकडे असं बघणारी आई क्वचित भेटते.

“यात चेहरा येतो?” बाईने न वळता विचारलं.

“तुझा? छे! माझ्या फोटोत आया पाठमोऱ्याच. चेहरा फक्त लेकरांचा.”

बाईचे खांदे सैल झाले. ती कसलंसं गाणं गुणगुणू लागली, पुन्हा पुन्हा तीच एक ओळ. बोदिल गवतात गुडघे टेकून फोटो घेत राहिली.

रुना जागी झाली. रडली नाही. तिने बाईच्या चेहऱ्यावर नजर रोखली आणि पापणीही न लवता बघत राहिली. बाईही बघत राहिली. बोदिलच्या मानेवर उगाच काटा आला. इतकी बाळं पाहिली, पण असं कुणाला निरखणारं बाळ तिने पाहिलं नव्हतं.

“अगं, उचल की तिला. नुसती काय उभी आहेस?”

“घेऊ?”

“आता स्वतःच्या लेकराला घ्यायलाही माझी परवानगी हवी होय?”

बाईने दुलईसकट रुनाला उचललं. बाळ क्षणभर अंग आखडून राहिलं, मग तिच्या कोटाची कॉलर मुठीत धरून तिच्या खांद्यावर विसावलं. बाईचं सगळं अंग हललं. ती आवाज न करता रडत होती.

बोदिललाही भरून आलं. सोमवार जवळ आला होता ना! मालेनेने मागितलं होतं ते हेच. एवढं आज साधलंच पाहिजे.

“आता चालायला लाग,” ती हळूच म्हणाली. “फाटकातून बाहेर, खाडीच्या वाटेने. मागे वळून बघायचं नाही. मी इथेच आहे.”

“लांब गेले तर चालेल?”

“जितकी लांब जाशील तितका फोटो चांगला.”

बाई निघाली. आधी जपून, मग सरळ, न अडखळता. आता तिच्यात ताठपणा कुठेच नव्हता. तिच्या खांद्यावरून रुनाचा चेहरा मागे बघत होता. धुक्यात दोघी फिक्या होत गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. थोडा वेळ ते गुणगुणणं ऐकू येत होतं. मग दूर कुठेतरी मोटारीचं दार लागलं आणि सगळं शांत झालं.

बोदिलने शेवटचा फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. पाठमोरी आई, धुकं, आणि थेट आपल्याकडे रोखलेले ते दोन डोळे. इतकी वर्षं ती ज्याच्या मागे होती तो फोटो हाच. आता दोघी परत आल्या की आधी मालेनेलाच दाखवायचा, असं तिने ठरवलं. आत पानं पडू नयेत म्हणून तिने गाडीवर जाळी परत नीट ओढली.

तेवढ्यात मागचं, स्वयंपाकघराचं दार उघडलं. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली एक मुलगी अनवाणीच पायरीवर आली आणि ओशाळून हसली.

“बोदिल ना तुम्ही? मी मालेने,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “गाडीला हात नका हं लावू, जरा खुट्ट झालं तरी उठते ती.”