काळीज हलवण्याबाबत

सूरज मारकडचं काळीज एक मेच्या ग्रामसभेत, हात वर करून, एकमतानं उजवीकडून डावीकडं हलवण्यात आलं. पण हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही असं समजा. कारण सभा आत्ता कुठं रंगात आलीय आणि विषय पाण्याच्या टाकीचा चाललाय.

अंथुर्ण्याच्या अलीकडची वाडी. बिरोबाच्या देवळापुढच्या पत्र्याखाली गाव बसलं होतं. सूरज खांबाला टेकून उभा होता आणि छातीला हात लावायचा नाही असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मेडिकल झाल्यापासून हात आपोआप तिथं जायचा. सैन्याच्या भरतीत तो सगळ्यांच्या पुढं पळाला होता. उंची बसली, वजन बसलं, छाती फुगली. मग त्याच छातीनं घात केला.

"टाकी मंजूर," सरपंच दीपकराव म्हणाले. "आता सूरजचा इषय. सांग रं, काय म्हनला मिलिटरीचा डॉक्टर?"

"डावीकडं नळी लावली त्यांनी. मग नळीच झटकली. मग दुसरी नळी आनली. मग मला इचारलं, जिवंत हायस का?"

"तू काय म्हनलास?"

"हाय म्हनलो. मग फोटू काढला. काळीज उजव्या अंगाला निघालं. अनफिट लिव्हलं. म्या लई इनवण्या केल्या, तर म्हनले, ह्यात सूट द्यायचं आमच्या हातात न्हाय. वरनं लेखी आन."

म्हातारा गेणबा उठला. त्यानं सूरजच्या छातीला डाव्या अंगाला कान लावला. बराच वेळ लावला. मग सरळ झाला, मयतीत काढतात तशी टोपी काढली आणि जागेवर जाऊन बसला.

सोमवारी पुण्यात फेरतपासणी होती आणि पुढच्या महिन्यात सूरज वयातून बाद होणार होता. वरनं म्हणजे नक्की कुठनं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण लेखी म्हणजे ठराव, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ह्याच सभेनं ठरावाच्या जोरावर दारूचं दुकान हलवलं होतं, एसटीचा थांबा हलवला होता, आणि एक ओढा कागदोपत्री थोडा पूर्वेला सरकवला होता. काळीज तर मुठीएवढं.

"लिव्हा मॅडम," दीपकराव ग्रामसेविका उत्कर्षा मॅडमना म्हणाले, "की सूरजचं काळीज डावीकडंच हाय असं ही सभा..."

"मंजूर!"

साखर कारखान्याच्या सभांना जाऊन जाऊन गावाला ती सवयच लागली होती. विषय अर्धा झाला की हात वर.

"थांबा!" विरोधी गटाचे मानसिंगराव उठले. "काळीज डावीकडं न्यायला आमचा इरोध न्हाय. पन ते उजवीकडं गेलंच कसं? कुनाच्या कारकिर्दीत गेलं? चौकशी झाली पायजे!"

"आरं, पोरगं जलमलं तवा सरपंच तूच व्हतास, मानसिंगा!" गेणबा ओरडला.

चौकशीची मागणी मागं घेण्यात आली.

उत्कर्षा मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "अहो, असं नाही लिहिता येत. हे माणसाचं शरीर आहे."

"वढ्याचं लिव्हलं व्हतं की," दीपकराव म्हणाले.

मॅडमनी टोपण काढलं.

सूरजला जरा धीर आला. तो खांब सोडून पुढं झाला. "आनि हे बी घाला मॅडम. दुश्मन नेम धरनार डावीकडं. तितं तर कायच न्हाय. म्हंजी मी वाचनार. ह्यात सरकारचा फायदाच हाय."

पत्रा उडेल एवढं हसू फुटलं. हात वर गेले, मानसिंगरावांचा सगळ्यात उंच. काळीज हललं. सूरजनं नकळत डाव्या बरगड्या चाचपून पाहिल्या. तिथं अजून सामसूम होती.

बायकांच्या बाजूला मात्र एक बाई हसली नव्हती. सूरजची आई, नकोशी. ती उभी राहिली. सभेत ती ह्याआधी कधी उभी राहिली नव्हती, त्यामुळं शेजारणीनं तिचा पदर ओढला.

"नेम? कसला नेम?"

"बंदुकीचा गं, आये."

"कुनावर?"

"माज्यावर. म्हंजी, डावीकडं. लागायचा न्हाय."

नकोशी त्याच्याकडं बघतच राहिली. तिचा चेहरा पाहून हसणाऱ्यांचं हसू हळूहळू विझलं.

"तीन वर्सं झाली, रोज फाटंचं कालव्याच्या कडंनं पळतूस," ती म्हणाली. "मला वाटलं, पळायचीच नोकरी हाय."

सूरजनं तोंड उघडलं, पण त्याला एकदम कळलं की पळण्याच्या पुढचं त्यानंही कधी नीट डोळ्यांपुढं आणलं नव्हतं.

नकोशी चालत टेबलापाशी गेली. मॅडमच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी बोलली. मॅडमनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा सूरजकडं, आणि लिहायला घेतलं. मग उभं राहून वाचून दाखवलं. गाव पहिल्यांदाच विषय पुरा होईपर्यंत थांबलं.

"श्रीमती नकोशी मारकड यांची विनंती अशी की, सदर मुलाचे काळीज सैन्याने उजवीकडे, डावीकडे, जिथे सोयीचे असेल तिथे समजावे. मात्र नोकरी संपताच मुलगा व काळीज, दोन्ही चालू स्थितीत, आईच्या ताब्यात परत देण्यात यावेत."