पिवळ्या टाकीतली हवा

किएकोचा नवरा सेइकिची दोन वर्षांपूर्वी समुद्रात उतरला, तो वर आलाच नाही. ओकिनावाजवळच्या त्या बेटावरचं त्यांचं डायव्हिंगचं दुकान तेव्हापासून बंद होतं. पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्या तिनं शेडमध्ये उभ्या करून ठेवल्या होत्या, आत दमटपणा शिरू नये म्हणून प्रत्येकीत थोडी हवा राखून.

दर महिन्याला ती काटा जोडून दाब पाही. बाकीच्या टाक्या जशाच्या तशा. सेइकिचीची, त्या दिवशी घरीच राहिलेली पिवळी टाकी मात्र दर खेपेला थोडी कमी भरे. शेजारच्या गेन्झोनं गळती शोधायला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

"वहिनी, विकून टाका ही. कशाला जिवाला घोर?"

"असू दे भाऊजी. तेवढीच सोबत."

आज दुपारी तिनं काटा जोडला, चावी उघडली. हवा संपतच आली होती. तोच काटा खाली झुकला, सावरला, पुन्हा झुकला. कुणी श्वास ओढावा तसा. मग भराभर झुकू लागला, दम कोंडलेल्या माणसासारखा.

टाकीला श्वासाची नळी जोडलेलीच नव्हती.

किएको टाकीला बिलगून खाली बसली.

"घाबरू नका हो," ती कुजबुजली. "सावकाश घ्या."

काटा हळूहळू झुकू लागला.