पान नऊ, पान तेवीस

मुद्रित तिसऱ्यांदा परत आलं आणि समासात पुन्हा तेच दोन शब्द होते: ‘तसेच ठेवा’. बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. टोक मोडलं.

छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. माघारी सगळे त्यांना शंकाबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कथेतल्या नायिकेचे डोळे पान दहावर घारे आणि पान चाळीसवर काळे झाले, की शंकाबाई समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाला गाठत. उत्तर आल्याशिवाय सही नाही, आणि सहीशिवाय यंत्र चालू होत नाही. मोठमोठे लेखक चरफडत, पण गुपचूप डोळ्यांचा रंग बदलून देत.

या वेळी लेखक म्हणजे बाईंच्याच चर्चचे फादर. चर्चमधल्या मुलांसाठी त्यांनी चाळीस पानांची प्रश्नोत्तरं लिहिली होती. पान नऊवर म्हटलं होतं, ‘देव न्यायी आहे. एकाच्या पापाची शिक्षा तो दुसऱ्याला देत नाही.’ पान तेवीसवर म्हटलं होतं, ‘पहिल्या माणसाचे पाप घेऊनच प्रत्येक मूल जन्मते. बाप्तिस्मा न झालेले मूल स्वर्गाला मुकते.’ बाईंनी समासात लिहिलं होतं, ‘विसंगती. पान ९ पाहा. यातले कोणते खरे?’

छपाई रखडली म्हणून आज फादर स्वतः मुद्रित घेऊन आले होते. मालकांनी त्यांच्यासाठी आपली खुर्ची आणून ठेवली, बाईंकडे विनवणीच्या नजरेनं पाहिलं आणि काढता पाय घेतला.

फादरांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. आपल्याला ज्या गोष्टी उलटसुलट वाटतात त्या देवाच्या ठायी जुळतात. मुंगीला काही अख्खा डोंगर दिसत नाही.

“पुस्तक डोंगरानं लिहिलेलं नाही, फादर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय. फळ खाल्लं त्या पहिल्या माणसानं आणि भोगायचं कोणी? ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.”

“बाई, शब्दांचा कीस पाडून श्रद्धा कळत नसते.”

शब्दांचाच कीस पाडून बाईंनी लेकीला लहानाची मोठी केली होती. त्याच लेकीचं बाळ अडीच महिन्यांपूर्वी चाळीस मिनिटं जगलं. ती चाळीस मिनिटं डॉक्टर आणि नर्स त्याच्या छातीशी झटत होते. कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि यायचं तरी कसं. मग दफनभूमीच्या फाटकात याच फादरांनी हात आडवा केला होता. नियम आहे, म्हणाले, बाप्तिस्मा न झालेल्याला आत जागा नाही. बाळाला भिंतीच्या बाहेर पुरलं, जिथे माळी वाळका पालापाचोळा जाळतो तिथे. तेव्हापासून लेक अंथरुणातून उठत नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकच विचारायची, आई, तो कुठे आहे? देवाजवळ, म्हणावं तर ती म्हणायची, मग भिंतीबाहेर का? त्यांना आताशा रडू येतच नसे. राग येई, आणि त्या रागाची त्यांना तिळमात्र लाज वाटत नसे.

“पान नऊ खरं असेल तर बाळ देवाजवळ आहे,” त्या म्हणाल्या. “पान तेवीस खरं असेल तर नाही. मला घरी जाऊन लेकीला एक उत्तर द्यायचंय. दोन नाही.”

बाईंनी पेन्सिलीला नवं टोक काढलं, एक कोरी चिठ्ठी घेतली आणि दोन्ही फादरांपुढे सरकवल्या. ज्यानं दोन्ही पानं खरी ठरतील असं एक वाक्य लिहून द्या, म्हणाल्या, मी स्वतः ते योग्य जागी घालते आणि आत्ता सही करते.

माणूस वाईट नव्हता. बाईंच्या नवऱ्याच्या आजारपणात आठवडाभर उशाशी बसला होता, हे बाई विसरल्या नव्हत्या, आणि म्हणूनच राग जास्त होता. फादरांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पान नऊ काढावं तर देव अन्यायी ठरतो, पान तेवीस काढावं तर बाप्तिस्मा कशाला हवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यंत्रावरची माणसं काही ना काही निमित्त काढून टेबलाशेजारून जात होती. फादरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कॉलर सैल केली.

बऱ्याच वेळानं त्यांनी चिठ्ठी बाईंकडे सरकवली. खाडाखोडीच्या खाली एकच ओळ शिल्लक होती: ‘अशा मुलांचे काय होते, हे आम्हांला निश्चित ठाऊक नाही.’

“हेच खरं आहे, बाई,” फादर हळू आवाजात म्हणाले. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते खुर्चीत मागे रेलले. “पान तेवीसवर घाला. माणसानं नम्रपणे एवढंच म्हणावं.”

बाईंनी ओळ दोनदा वाचली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी होतं.

“वाक्य बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण फादर, त्या दिवशी फाटकात तर तुम्हांला निश्चित ठाऊक होतं.”